आधी नियम, मग गप्पा: नव्या शैक्षणिक सल्लागारांसाठी

या नोकरीच्या मुलाखतीत बहुतेक उमेदवार एक गोष्ट हमखास सांगतात: मला मुलांशी बोलायला आवडतं. आवडत असेल तर उत्तमच. पण सल्लागारामुळे विद्यार्थ्याचं नुकसान होतं तेव्हा ते सहसा रुक्ष बोलण्यामुळे होत नाही, चुकीच्या माहितीमुळे होतं. "हा विषय पुढच्या सत्रातही असतो, आत्ता नाही घेतलास तरी चालेल" हे हसतमुखाने सांगितलेलं एक वाक्य एखाद्याची पदवी वर्षभर लांबवू शकतं. त्यामुळे हा लेख आधी कागदपत्रांकडे जाईल आणि संवादकौशल्याकडे नंतर येईल. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

नाकाडा ही सल्लागारांची अमेरिकेतली संघटना. तिने २०१७ साली या कामाला लागणाऱ्या क्षमतांचे तीन भाग केले: संकल्पना, माहिती आणि नातं. नवे लोक तिसऱ्या भागावर भर देतात, प्रशिक्षणं पहिल्यावर. मधला भाग, म्हणजे माहिती, ज्याचा त्याने शिकायचा असं गृहीत धरलं जातं. सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: नियमपुस्तिका वाचा, पण कागद-पेन्सिल घेऊन

अभ्यासक्रमाची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काही डोक्यात राहत नाही. त्याऐवजी तुमच्याकडे सर्वांत जास्त विद्यार्थी ज्या शाखेचे येणार आहेत ती निवडा. एक काल्पनिक विद्यार्थी घ्या आणि त्याचा पहिल्या सत्रापासून पदवीपर्यंतचा आराखडा हाताने मांडा. संगणकातली तयार तालिका बघू नका. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहा: त्याआधी कोणता विषय पूर्ण व्हायला हवा, तो कोणत्या सत्रात शिकवला जातो, आणि तो पुढच्या कोणत्या विषयाचं दार उघडतो.

आराखडा जमला की तो मोडा. समजा हा विद्यार्थी पहिल्या सत्रात गणित-१ नापास झाला. गणित-२ ला गणित-१ लागतं, तिसऱ्या सत्रातल्या मुख्य विषयाला गणित-२ लागतं, आणि हे सगळे विषय वर्षातून एकदाच असतात. आता त्याची पदवी केव्हा? उन्हाळी सत्रात गणित-१ घेता येत असेल तर काय फरक पडतो? मग दुसरा प्रसंग घ्या: तो दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठातून आला. तिसरा: त्याला एक सत्र आजारपणामुळे सुट्टी घ्यावी लागली. चार-पाच शाखांसाठी हा उद्योग केला की साखळी कुठे नाजूक आहे ते कळतं. विद्यार्थी समोर बसलेला असताना पुस्तिकेची पानं उलटायची वेळ मग फार येत नाही.

त्याच बैठकीत काही नियम शोधून एका पानावर उतरवून ठेवा. हे नियम प्रत्येक विद्यापीठात वेगळे असतात आणि घोळ नेमका इथेच होतो.

कोणत्या वर्षाची पुस्तिका लागू होते? साधारणपणे प्रवेशाच्या वर्षाची. पण शाखा बदलली किंवा मध्ये खंड पडला की नवी लागू होते का, हे तपासा. उत्तीर्ण होणं आणि पुढच्या विषयासाठी पात्र होणं यांत फरक आहे का? अनेक ठिकाणी 'डी' ग्रेडला क्रेडिट मिळतं, पण पुढच्या विषयाला 'सी' लागतो. विद्यार्थी "पास झालो" म्हणून निश्चिंत असतो आणि नोंदणीच्या दिवशी यंत्रणा त्याला अडवते. एकच विषय मेजर (पदवीची मुख्य शाखा) आणि मायनर (जोडीची दुय्यम शाखा) दोन्हींत मोजता येतो का, आणि किती? विषय परत घेतला तर जुना ग्रेड पुसला जातो, की दोन्हींची सरासरी काढतात? एकूण क्रेडिटपैकी किती याच विद्यापीठात मिळवावे लागतात? वरच्या पातळीच्या विषयांची किमान संख्या आहे का? फक्त पास-नापास या पद्धतीने घेतलेला विषय मेजरमध्ये धरतात का?

दुसरीकडून आणलेल्या क्रेडिटबद्दल एक सूचना. "क्रेडिट मान्य झाले" याचा अर्थ ते मेजरमध्ये मोजले गेले असा नसतो. बऱ्याचदा ते ऐच्छिक म्हणून जमा होतात, एकूण आकडा फुगतो आणि विद्यार्थ्याला वाटतं आपण अर्धी वाट चाललो. अशा विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत जुन्या विषयांचे सविस्तर अभ्यासक्रम गोळा करायला सांगा. विभागाला फेरविचार करायचा असेल तर विषयाच्या नावावरून तो होत नाही, आठवड्यागणिक काय शिकवलं ते दाखवावं लागतं.

पायरी २: क्रेडिटचं तासांत रूपांतर करायला शिका

विद्यार्थ्याला क्रेडिट हा आकडा वाटतो. तुम्हाला तो वेळ म्हणून दिसला पाहिजे. अमेरिकेत सत्राच्या एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर असा हिशेब धरतात, साधारण पंधरा आठवडे. म्हणजे १५ क्रेडिट घेणाऱ्याचा आठवडा ४५ तासांचा. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट आहेत. तिथे व्याख्यानाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास अध्यापन, आणि घरचा अभ्यास त्याहून वेगळा.

पद्धत कोणतीही असो, हा गुणाकार विद्यार्थ्यासमोर कागदावर करा. १५ क्रेडिटचे ४५ तास, त्यात आठवड्याला २० तासांची नोकरी, झाले ६५. त्यात प्रवास आणि झोप मिळवली की "मी आणखी एक विषय घेऊ का?" या प्रश्नाचं उत्तर विद्यार्थी स्वतःच देतो. तुम्ही "झेपणार नाही" म्हणालात तर तो वाद घालेल. बेरजेशी घालत नाही.

पायरी ३: तारखांचं एक पान भिंतीवर

शैक्षणिक दिनदर्शिकेतल्या निम्म्या तारखा तुमच्या कामाच्या नसतात. ज्या आहेत त्या अशा: नोंदणी सुरू होण्याची, विषय जोडण्याची शेवटची, विषय सोडण्याची शेवटची, विथड्रॉची शेवटची, पदवीच्या अर्जाची, शाखा बदलाच्या अर्जाची, अपिलाची. यांपैकी 'सोडणे' आणि 'विथड्रॉ' यांतला फरक नव्या सल्लागाराने पाठच करावा. सुरुवातीच्या मुदतीत सोडलेला विषय गुणपत्रकावर दिसतच नाही आणि शुल्कही बहुधा परत मिळतं. मुदत उलटल्यावर तोच विषय सोडला तर 'डब्ल्यू' नोंदला जातो. ग्रेडच्या सरासरीला धक्का लागत नाही, पण पैसे गेलेले असतात.

आणि 'डब्ल्यू' फुकटही नसतो. अमेरिकेत सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याने घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केले हे मोजलं जातं, आणि सोडलेला विषय 'घेतलेल्या'त धरतात, 'पूर्ण केलेल्या'त नाही. तिथेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. परवानगीशिवाय त्याखाली गेला तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. म्हणून विषय सोडायला आलेल्या कोणालाही "सोड" म्हणण्याआधी तीन प्रश्न: शिष्यवृत्ती किंवा कर्ज आहे का? व्हिसावर आहेस का? वसतिगृह किंवा खेळाडू कोट्याला पूर्णवेळ असण्याची अट आहे का? एकाचंही उत्तर "हो" आलं, तर निर्णय त्या त्या कार्यालयाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. तुमची सही झाली म्हणजे त्यांचीही संमती मिळाली असं नसतं.

पायरी ४: भेटीआधीची दहा मिनिटं

विद्यार्थी आत येऊन बसल्यावर त्याचं गुणपत्रक उघडलंत, तर भेटीचा पहिला तुकडा तुम्ही वाचण्यात घालवता आणि तो तुमचा चेहरा वाचण्यात. आधी वाचा. सरासरीवर फार थांबू नका, ती सगळ्यांत कमी बोलते. उतार-चढाव बघा. पहिली तीन सत्रं बरी आणि चौथं कोसळलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्यापासून हळूहळू उतरत असेल तर वेगळी. इतर सगळ्यांत चांगले ग्रेड आणि नेमके मेजरच्या विषयांत कमी असतील तर आणखी वेगळी. 'डब्ल्यू' कुठे आहेत, एकाच विषयात दोनदा आहेत का, लेखी परीक्षेच्या विषयांत पडतोय की प्रयोगशाळेच्या, हे टिपून ठेवा. खात्यावर होल्ड (थकबाकीसारख्या कारणाने नोंदणी अडवणारी खूण) आहे का, मागच्या भेटीत काय ठरलं होतं, आणि डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या हे दाखवणाऱ्या संगणकी तक्त्यात, कोणता रकाना रिकामा आहे, तेही पाहा.

डिग्री ऑडिटवर आंधळा विश्वास ठेवू नका. सॉफ्टवेअर नियम लावतं, अपवाद लावत नाही. विभागप्रमुखांनी ई-मेलवर दिलेली सूट कोणी नोंदवली नसेल तर ऑडिट ती दाखवणार नाही. हाताने केलेला आराखडा इथे उपयोगी पडतो: ऑडिट आणि तुमचा कागद जुळत नसेल, तर का जुळत नाही याचा शोध घ्या.

पायरी ५: प्रत्यक्ष भेट

टेरी ओबॅनियन यांनी १९७२ साली सल्लागारकामाच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या: आयुष्याची उद्दिष्टं, व्यवसायाची उद्दिष्टं, अभ्यासक्रमाची निवड, विषयांची निवड आणि शेवटी वेळापत्रक. गंमत अशी की विद्यार्थी जवळजवळ नेहमी शेवटच्या पायरीवर उभा राहून येतो. "मॅडम, मंगळवारी दहाचा वर्ग भरलाय, काय करू?" त्याला लगेच आयुष्याच्या उद्दिष्टांकडे ओढू नका, चिडेल, आणि त्याचं चिडणं बरोबर असेल. आधी मंगळवारचं काम करून द्या. ते होत असताना एक प्रश्न विचारा: "हाच विषय का घेतोयस?" उत्तर "मित्रांनी घेतलाय" किंवा "घरचे म्हणाले" असं आलं तर वरच्या पायरीचं दार किलकिलं झालं. आत जायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

"काही प्रश्न आहेत का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण नव्या विद्यार्थ्याला आपल्याला काय विचारायला हवं हेच ठाऊक नसतं. त्याऐवजी ठोस विचारा. या सत्रात कोणत्या विषयाला बसायला सर्वांत जास्त वेळ लागतो? कोणता वर्ग बुडवावासा वाटतो? मागच्या आठवड्यात अभ्यासाला कधी आणि कुठे बसलास? "अभ्यास कसा चाललाय?" ला "ठीक" असं उत्तर मिळतं. "मागच्या आठवड्यात कधी बसलास?" ला "ठीक" म्हणता येत नाही.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसा. नवीन सल्लागाराला शांतता सहन होत नाही आणि तो स्वतःच उत्तर सुचवतो: "बहुतेक वेळेचं नियोजन जमत नसेल, नाही का?" समोरचा मान हलवतो, कारण ते सोपं असतं. खरं कारण तसंच राहतं.

वेळापत्रक तुम्ही भरू नका. पडदा विद्यार्थ्याकडे वळवा, कीबोर्ड त्याच्या हातात द्या. पहिल्या वर्षी याला दुप्पट वेळ लागतो. तिसऱ्या वर्षी तोच विद्यार्थी आराखडा तयार करून येतो आणि भेट खऱ्या प्रश्नांसाठी मोकळी राहते. एका सल्लागाराकडे शेकडो विद्यार्थी असतात अशा ठिकाणी "एवढा वेळ कुठे आहे" असं म्हटलं जातं. माझ्या मते नेमकं तिथेच हे जास्त गरजेचं आहे.

उत्तर माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हणा, कधी सांगाल ते सांगा, आणि तेव्हा सांगा. अंदाजाने दिलेलं उत्तर विद्यार्थी अंदाज म्हणून ऐकत नाही. "सल्लागारांनी सांगितलं" असं तो दहा मित्रांना सांगतो.

उठण्याआधी त्याला विचारा: "आता इथून गेल्यावर तू काय करणार आहेस?" त्याने आपल्या शब्दांत सांगावं. तारीख चुकली, क्रम उलटा झाला, तर तिथल्या तिथे कळतं. दोन कामांपेक्षा जास्त देऊ नका. पाच दिलेली कामं कोणी करत नाही.

पायरी ६: सरासरीचं गणित हाताने

हे तुम्हाला कागदावर पटकन जमलंच पाहिजे. चारच्या मापावर एका विद्यार्थिनीचे ४५ क्रेडिट झालेत, सरासरी १.८, आणि विद्यापीठाला २.० हवी आहे. तिचे गुणांक ४५ गुणिले १.८, म्हणजे ८१. पुढच्या सत्रात ती १५ क्रेडिट घेणार, एकूण होतील ६०. त्यासाठी १२० गुणांक हवेत. कमी आहेत ३९, म्हणजे पुढच्या १५ क्रेडिटमध्ये २.६ ची सरासरी हवी. एका सत्रात हे जड वाटत असेल आणि विद्यापीठ दोन सत्रं देत असेल, तर ७५ क्रेडिटना १५० गुणांक, कमी ६९, आणि ३० क्रेडिटमध्ये २.३ पुरेत. दहाच्या मापावरही गणित हेच राहतं, फक्त आकडे बदलतात.

"तुला मेहनत करावी लागेल" हे ऐकून ती खाली मान घालते. "दोन सत्रं २.३ ठेवलीस की तू बाहेर पडतेस" हे ऐकून वर बघते, कारण आता समोर पोचता येईल असा आकडा आहे.

हेच गणित उलट्या बाजूनेही वापरावं लागतं. ९० क्रेडिट, सरासरी २.०, आणि विद्यार्थी म्हणतो की शेवटच्या ३० क्रेडिटमध्ये ३.० वर नेतो. एकूण १२० क्रेडिटना ३६० गुणांक हवेत, हाती आहेत १८०. उरलेले १८० तीस क्रेडिटमध्ये, म्हणजे सरासरी ६. चारच्या मापावर ते शक्यच नाही. हे सांगणं क्रूर वाटतं म्हणून अनेक जण "प्रयत्न कर" म्हणून वेळ मारून नेतात. मग तो वर्षभर चुकीच्या दारावर धडका देतो. गणित दाखवा आणि लगेच पुढचं बोला: ज्या ठिकाणी जायचंय तिथे एकूण सरासरी बघतात की शेवटच्या वर्षाची? अट किमान पात्रतेची आहे की निवडीची? दुसरा मार्ग कोणता?

पायरी ७: प्रोबेशनवरचा विद्यार्थी

प्रोबेशन म्हणजे सरासरी किमान मर्यादेखाली गेल्यावर विद्यापीठाने दिलेली ताकीद आणि सुधारण्याची मुदत. अशा विद्यार्थ्याच्या हातात आधीच एक पत्र असतं आणि त्यातली भाषा बहुधा कोर्टाच्या समन्ससारखी. तुम्ही पुन्हा तेच वाचून दाखवू नका. "मागचं सत्र मला आठवड्या-आठवड्याने सांग" असं म्हणा. बोलता बोलता तो स्वतःच तुटलेली जागा दाखवतो: "चौथ्या आठवड्यापर्यंत जात होतो, मग..." त्या "मग" नंतर जे येतं त्यावर योजना ठरते. नोकरीचे तास वाढले असतील तर उपाय तासांचा. पूर्वतयारी नसताना विषय घेतला असेल तर साखळीत एक घर मागे जाण्याचा. आजारपण असेल तर पूर्वलक्षी विथड्रॉ मिळतो का ते पाहण्याचा. अनेक विद्यापीठांत वैद्यकीय कागदपत्रांवर तो मिळतो, पण मुदत असते. शाखाच नकोशी झाली असेल तर अभ्यासाच्या सवयींवर व्याख्यान देऊन काही होणार नाही.

घसरलेला विद्यार्थी पुढच्या सत्रात भरपाई म्हणून जास्त विषय घ्यायला निघतो. हे जवळजवळ नेहमी उलटतं. क्रेडिट कमी करा, पूर्णवेळच्या अटीखाली जात नाही ना ते बघा, आणि नापास झालेला विषय परत घेतल्यावर जुना ग्रेड बदलतो अशी सोय असेल तर तो आधी ठेवा. सरासरी वर काढायचा तो सर्वांत जलद मार्ग असतो.

दोन आठवड्यांनी पुढची भेट आत्ताच, समोर बसून ठरवा. "गरज वाटली तर ये" असं सांगितलेला प्रोबेशनवरचा विद्यार्थी येत नाही. लाज वाटते म्हणून येत नाही. बेपर्वाई असतेच असं नाही.

पायरी ८: शाखा बदलणं

"मला शाखा बदलायचीय" यात दोन वेगळी वाक्यं लपलेली असतात: एक "मला इथून पळायचंय" आणि दुसरं "मला तिकडे जायचंय". कोणतं आहे ते आधी ओळखा. एका कडक परीक्षकामुळे सगळा विषय नकोसा झालेला विद्यार्थी आणि सुट्टीतही दुसऱ्या विषयाची पुस्तकं वाचणारा विद्यार्थी यांना एकच अर्ज देऊ नका.

मग संभाव्य ऑडिट काढा: शाखा बदलली तर झालेल्यांपैकी किती क्रेडिट मोजले जातील आणि किती सत्रं वाढतील. बाजू घेऊ नका, आकडा समोर ठेवा. लगेच ठरवायची घाई नसेल तर पुढच्या सत्रासाठी दोन्ही शाखांत चालणारा एखादा विषय शोधून द्या. निर्णय सहा महिने पुढे गेला तरी काही वाया जात नाही. हा उपाय बराच कमी वापरला जातो.

काही शाखांना स्वतःची प्रवेशमर्यादा असते. नर्सिंगसारख्या शाखांत पात्र असूनही जागा मिळत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून दुसरा आराखडा समांतर ठेवा. स्वप्न मोडणारा सल्लागार नको आणि टाळ्या वाजवणाराही नको. जाहीर झालेल्या अटी, आजची स्थिती आणि मधलं अंतर भरायची शेवटची तारीख, एवढं शांतपणे मांडता आलं की पुरे.

पायरी ९: दुसऱ्याकडे पाठवणं आणि संकटाची वेळ

तुम्ही समुपदेशक नाही, वकील नाही, कर्ज अधिकारीही नाही. पण "समुपदेशन केंद्रात जा" एवढं म्हणणं म्हणजे पाठवणं नव्हे. तिथे कोण भेटतं, पहिल्या भेटीत काय विचारतात, पैसे लागतात का, हे सांगा. शक्य असेल तर तुमच्यासमोरच फोन लावून वेळ घ्या. त्यासाठी पहिल्याच महिन्यात त्या सगळ्या कार्यालयांत स्वतः जाऊन या. ओळखीच्या माणसाचं नाव घेऊन पाठवलेला विद्यार्थी पोचतो.

कधी कधी वेळापत्रकाचं बोलता बोलता एखादा म्हणतो, "तसंही पुढच्या सत्रापर्यंत मी असेन कशावरून." हे वाक्य ऐकलं न ऐकलं करू नका. स्पष्ट विचारा: "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे. उत्तर "हो" असेल किंवा टाळलं गेलं, तर त्याला एकटं सोडू नका. विद्यापीठाची ठरलेली तातडीची यंत्रणा लगेच कळवा आणि मदत हाती येईपर्यंत सोबत राहा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नका, ते पाळता येणार नाही. त्या यंत्रणेचा फोन नंबर पहिल्या दिवशीच टेबलावर चिकटवा. त्या क्षणी शोधायची वेळ नसते.

पायरी १०: पालकांचा फोन

फोन येतोच. आवाज काळजीचा असतो, कधी रागाचाही. अमेरिकेत १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार विद्यार्थी उच्चशिक्षणात दाखल झाला की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा, वय काहीही असो; पालकांना माहिती देण्याचे अपवाद ठरावीक आहेत. इतर देशांत नियम वेगळे असतील; तुमच्या विद्यापीठाचं धोरण लेखी मिळवा. पण फोनवर बोलायची रीत सगळीकडे उपयोगी आहे: ऐकून घ्या, सर्वसाधारण नियम आणि तारखा मोकळेपणाने सांगा, आणि त्या विद्यार्थ्याबद्दल काहीही सांगायला त्याची लेखी संमती लागेल हे नम्रपणे सांगा. "तो तुमच्याकडे येतो का तरी?" या साध्या प्रश्नालाही उत्तर देऊ नका. पालकांकडून आलेली माहिती मात्र घेता येते. ऐकण्याला बंदी नाही.

पायरी ११: नोंदी

भेट संपली की लगेच चार ओळी लिहा: काय विचारलं, काय सांगितलं, कोणता नियम आणि कोणती तारीख दिली, पुढे कोण काय करणार. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कोणी असेल, तेव्हा "मला तर असं सांगितलं होतं" हा वाद याच ओळींवर सुटतो. लिहिताना विद्यार्थी उद्या हे वाचणार आहे असं धरून लिहा. फर्पाखाली तो अशा नोंदी बघायला मागू शकतो आणि विद्यापीठाला ४५ दिवसांत त्या दाखवाव्या लागतात. "आळशी वाटतो" असं लिहू नका. "चार आठवडे वर्गाला गेला नाही असं त्याने सांगितलं" असं लिहा. आजाराचं नाव, घरातली भांडणं नोंदीत नकोत. "वैयक्तिक कारण, समुपदेशन केंद्राकडे पाठवलं" एवढं बास.

पायरी १२: जे येत नाहीत ते

नोंदणीच्या आठवड्यांत दाराबाहेर रांग लागते आणि आपण खूप काम करतोय असं वाटतं. रांगेत उभे असतात ते बरेचसे तसेही निभावून नेणारे असतात. म्हणून मधल्या शांत आठवड्यांत याद्या काढा: ज्यांच्यावर होल्ड आहे, ज्यांचे सहामाहीचे ग्रेड घसरलेत, ज्यांनी मेजर अजून जाहीर केलेलं नाही, आणि नोंदणी सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी ज्यांनी एकही विषय घेतलेला नाही. शेवटची यादी सर्वांत महत्त्वाची, कारण विद्यापीठ सोडून जाणारा विद्यार्थी बहुधा सांगून जात नाही.

त्यांना पाठवायचा ई-मेल पाच ओळींपेक्षा मोठा नको आणि सगळ्यांना एकच नको. "प्रिय विद्यार्थी, आपल्या शैक्षणिक प्रगतीसाठी" अशी सुरुवात कोणी वाचत नाही. "तुझी पुढच्या सत्राची नोंदणी अजून झालेली दिसत नाही. ग्रंथालयाचा ३ तारखेचा दंड अडकलाय, तो भरला की मार्ग मोकळा होईल. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी ये, किंवा याच मेलला 'येत नाहीये' एवढं लिही तरी चालेल." शेवटच्या वाक्यामुळे उत्तरं येतात, आणि "येत नाहीये" असं लिहिणाऱ्याशी निदान पुढचं बोलता येतं: तात्पुरती सुट्टी कशी घ्यायची, परत यायचं झालं तर काय लागेल, कोणते क्रेडिट टिकतात.

आणखी एक यादी शेवटच्या वर्षाची. पदवीला दोन सत्रं बाकी असताना प्रत्येकाचं ऑडिट हाताने तपासा. वरच्या पातळीचा एक विषय कमी आहे किंवा प्रयोगशाळेचा एक क्रेडिट राहिलाय हे तेव्हा सापडलं तर पुढच्या नोंदणीत दुरुस्त होतं. शेवटच्या सत्रात, विषय जोडायची मुदत उलटल्यावर सापडलं, तर विभागप्रमुख, डीन आणि रजिस्ट्रार यांच्या सह्या घेत फिरावं लागतं, आणि तरी काम होईलच असं नाही.